गेले बघा, मावशी

शुभेच्छांच्या तारेत वाक्य लिहायचं नसे. तयार वाक्यांची यादी असे, प्रत्येक वाक्याला क्रमांक. लग्नाला वेगळा, परीक्षेच्या यशाला वेगळा, दिवाळीला वेगळा. फॉर्मवर नुसता आकडा टाकला की पलीकडे मायेचं अख्खं वाक्य पोचायचं. जुलै 2013मध्ये तारसेवा बंद झाली. आता हे कॉलेजातल्या पोरांना सांगितलं, तर आपण कबुतरं उडवत मोठे झालो असं त्यांना वाटतं. रेडिओ ऐकायलाही परवाना लागे आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत, ही तर त्यांच्या लेखी शुद्ध थाप.

मग मनात येतं, उद्या नातवंडं आपल्याला कशावरून हसतील? मोबाइलमध्ये मान घालून बसायचे म्हणून, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. यंत्रं काय, जुनी होतच असतात. हसू येईल ते आपल्या दोन्ही डगरींवर हात ठेवायच्या सवयीचं. नवं घेतलं, पण जुनं सुटत नाही, आणि विश्वास पुरता कशावरच नाही.

आधार कार्डाचंच बघा. 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं कार्ड दिलं गेलं. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं, सगळं सरकारदरबारी जमा झालं. एवढं करून खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, “झेरॉक्स आणलीय का?” आणलेली असते. “दोन्ही बाजूंची?” तिथं आपण अडकतो. रांग सोडायची, मागच्या काकांना “जरा नंबर धरा हं” म्हणायचं आणि रस्ता ओलांडून झेरॉक्सवाल्याकडे पळायचं. परत आलं की, “सही करा खाली.” पूर्वी इथं राजपत्रित अधिकारी लागे, त्याला गाठायला ओळखी काढाव्या लागत. आता आपली आपणच साक्ष द्यायची. मी म्हणजे मीच, याची हमी मीच देतो, आणि ती चालते! शंकराचार्यांनाही इतक्या झटपट आत्मज्ञान साधलं नसेल. पुढे ती प्रत कुठल्या गठ्ठ्यात जाते देव जाणे. एकदा भेळेच्या पुडीवर कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला निघाला होता. साक्षांकित होता.

भाजीवाल्या मावशींकडे तर रोजचाच प्रयोग. यूपीआय आलं 2016 साली. मेथीची जुडी पिशवीत पडते, आपण कोड स्कॅन करतो, टोमॅटोच्या ढिगामागचा डबा खणखणीत आवाजात जाहीर करतो, “तीस रुपये प्राप्त झाले.” अर्ध्या मंडईला कळतं. तरीही आपण फोन उलटा करून मावशींच्या नाकासमोर धरतो, “गेले बघा, मावशी.” मावशींचा चष्मा घरी असतो. त्या हिरव्या खुणेकडे बघून मान डोलावतात आणि शेजारच्या मुलाला विचारतात, “आलं का रे?” मशीन बोललं, आम्ही दाखवलं, मुलगा हो म्हणाला, तेव्हा कुठं मेथी आमची झाली. मला हे फार आवडतं. व्यवहार माणसानं माणसाला सांगितल्याशिवाय पुरा होत नाही, असं कुठंतरी आत बसलेलं आहे.

पाण्याचं मात्र आवडण्यासारखं नाही. पुण्याच्या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, आणि जुलैत प्रत्येक पुणेकर त्याचा हिशेब स्वतःच्या पासबुकासारखा ठेवतो. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून, पिण्यालायक करून घरोघर येतं, आणि त्यातलं बरंचसं आपण संडासात ओततो. फ्लशची टाकी काही पाण्याची जात विचारत नाही. उरलेल्यासाठी भिंतीवर आरओ असतो. तो पेलाभर शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त मोरीत सोडतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, सकाळी उठून घरातलं कुणीतरी माठातलं कालचं पाणी कुंड्यांना घालतं, कारण ते शिळं झालं! धरणात गेल्या पावसाळ्यापासून पडून होतं तेव्हा ताजं होतं. आपल्या माठात एक रात्र काढली आणि बाटलं. नातवंडांनी याचा जाब विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. कुंड्यांना घातलं, एवढंच म्हणेन.

राहता राहिला आहेर. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असतं आणि ते कुणीही खरं मानत नाही, छापणाराही नाही. परवा एका लग्नात टेबलावर कोड छापलेला पुठ्ठाच उभा होता. शेजारी मुलीचे मामा जुनी लांब वही उघडून बसलेले. माझ्या पुढच्या गृहस्थांनी फोनवरून पाचशे पाठवले, मग खिशातून रुपयाचं नाणं चिकटवलेलं रिकामं पाकीट काढलं आणि मामांच्या हातावर ठेवलं. “पाचशे तिकडून आले, हा वरचा रुपया.” मामांना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी वहीत नाव, गाव आणि पाचशे एक, असं नीट लिहून घेतलं आणि वर न बघताच विचारलं, “रुपया रोख म्हणून लिहू ना?”