राजा म्हणून की पंडित म्हणून?

गळ्यात तुळशीची माळ असली की भोवतालच्या समस्तांना आपली उलटतपासणी घेण्याचा परवाना मिळतो. लसूण खाता का, इथपासून सुरुवात होते. मग परवा तुमच्या गाडीखाली बेडूक आला त्याचं पाप कुणाला, असं विचारलं जातं. माझी माळ बारीक मण्यांची आहे, सदऱ्याच्या आत राहते; तरी विचारणाऱ्याला ती नेमकी दिसते. देव दिसत नाही म्हणणाऱ्यांची नजर इतकी तीक्ष्ण कशी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

एकादशीला कचेरीत डबा उघडला की आमचे एक सहकारी खुर्ची ओढून समोर बसतात. स्वतःच्या पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते माझ्या डब्याचं भौगोलिक सर्वेक्षण करतात. साबुदाणा टॅपिओकाचा, म्हणजे मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोची. पोर्तुगीज येण्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. "मग तुमच्या विठ्ठलाला ही खिचडी चालते, हे कुणी ठरवलं हो?"

आता यातला एकेक शब्द खरा आहे. संत एकनाथांच्या पंक्तीत साबुदाण्याची खिचडी नक्कीच नव्हती. प्रश्नही चांगला आहे. उपासाचं ताट कसं बदलत गेलं, भगर आणि शिंगाडा मागे पडून सातासमुद्रापलीकडचा कंद सोवळ्यात कसा आला, यावर तासभर छान गप्पा होतील. मी एकदा तसं म्हणालोही. म्हटलं, "भगर मात्र आपलीच हं. आणि रताळं? तेही तिकडचंच म्हणतात. सांगा ना आणखी." तर गृहस्थ एकदम निरुत्साही झाले आणि पोळीकडे वळले. त्यांना उपासाच्या इतिहासात रस नव्हता. माझा चेहरा कसा पडतो, ते पाहायचं होतं.

विरुद्ध बाजूचेही कमी नाहीत. माळकरी असून एकादशीला दाढी करता? शास्त्राधार काय? ज्ञानेश्वरी वाचता, पण संध्या येते का? म्हणजे एकाच दिवशी सकाळी मी अंधश्रद्ध असतो आणि संध्याकाळी धर्मबुडवा. दोन्हीकडचे प्रश्नकर्ते एकमेकांना ओळखत नाहीत हे माझं नशीब. ओळखत असते तर माझ्याविषयी त्यांचं पटकन एकमत झालं असतं.

या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान म्हणायचा. देवाधर्मावरून माणसाला कोंडीत पकडण्याची इथली परंपरा मोठी जुनी आहे. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं शुद्धिपत्रासाठी आली ती पैठणलाच. कथा सर्वांना ठाऊक आहे. नाव ज्ञानदेव, पण नावाने काय होतं, तो चाललेला रेडाही ज्ञानाच आहे, असं कुणी तरी खिजवलं. आणि मग त्या रेड्याच्या तोंडून वेद निघाले. उत्तर म्हणून हे बिनतोड आहे, पण सर्वसामान्यांच्या आवाक्यातलं नाही. आपण पाठीवर हात ठेवला तर रेडा काय करील, याचा भरवसा नाही.

त्यामुळे मला जरा खालच्या पातळीवरचा आणि रेड्याशिवाय जमणारा उपाय हवा होता. तो मिळाला पाणचक्कीच्या पलीकडे, विद्यापीठाच्या वाटेवर. तिथे नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 साली इथे महाविद्यालय सुरू केलं, 1951च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर या आवारातून आला, त्याची गणती नाही. पण आवाराला नागसेन आणि महाविद्यालयाला मिलिंद, ही जोडी पाहा. एक उत्तर देणारा आणि एक प्रश्न विचारणारा. आणि विद्येच्या इमारतीवर नाव आहे ते प्रश्न विचारणाऱ्याचं.

हा मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. पंजाबाकडच्या सागल नगरीत त्याची राजधानी. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो जसा दिसतो, तसा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. भयंकर हुशार, वाचन दांडगं, आणि समोरच्याला निरुत्तर केल्याशिवाय जेवण न जाणारा. गावोगावचे विद्वान त्याने गप्प केले आणि सारा जंबुद्वीप पोकळ आहे, माझ्याशी बोलू शकेल असा कुणी उरलाच नाही, असा निःश्वास सोडला. मग नागसेन भिक्खू आले. राजाने नाव विचारलं. भिक्खू म्हणाले, लोक नागसेन म्हणतात, पण ते निव्वळ नाव. त्यामागे असा कुणी कायमचा माणूस सापडायचा नाही. (या शहरात राहून नावाच्या विषयावर मी याहून अधिक बोलत नाही.) राजाने लगेच पकडलं. माणूसच नाही, तर मग चीवर कोण नेसतो, भिक्षा कोण खातो? तुझे केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? असं करत तो एकेका अवयवावर बोट ठेवत गेला. नागसेनांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, महाराज, पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि स्वतःच्याच रथाखाली आला.

रथाचा हा दृष्टान्त सगळे सांगतात. मला त्याच्यानंतरचा प्रसंग जास्त आवडतो. राजा म्हणतो, भंते, पुढे बोलणार का माझ्याशी? नागसेन म्हणतात, पंडितासारखं बोलणार असाल तर बोलेन. राजासारखं बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या बोलण्यात गाठ मारली जाते, सोडवली जाते, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि तरी कुणी रागावत नाही. राजे एक गोष्ट ठोकून देतात, आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा फर्मावतात.

हे वाचल्यापासून माझं आयुष्य बरंच सोपं झालं आहे. कुणी अंगावर येऊन विचारलं की मी मनात एवढंच पाहतो, स्वारी सिंहासनावरून बोलते आहे की सतरंजीवरून? सिंहासन असेल तर "खरं आहे तुमचं" म्हणून डब्याचं झाकण लावतो. गंमत अशी की हल्ली राज्य कुणाकडेच नाही, तरी बोलणं सर्वांचं राजाचं.

त्या ग्रंथात पुढे आणखी एक मजा आहे. अवघड शंका विचारण्याआधी मिलिंद सात दिवसांचं व्रत घेतो. सात दिवस राजकारभार बघायचा नाही, राग धरायचा नाही, नोकरचाकरांशीही नमून वागायचं. मग प्रश्न. आमच्याकडे हा नियम लागू केला तर निम्मे प्रश्न तिसऱ्या दिवशीच विरून जातील. शिवाय गंभीर विषय कुठे बोलू नये, याच्या आठ जागा राजाने स्वतः मोजून दिल्या आहेत. खाचखळग्यांची जमीन, भीतीची जागा, जिथे वारा फार आहे ती जागा, आडोशाची जागा, देवस्थान, हमरस्ता, ये-जा करायचा पूल आणि पाण्याचा घाट. मी आमच्या शहरावर ही यादी ठेवून पाहिली. हमरस्ता म्हणून जालना रोड गेला. वाऱ्यापायी दौलताबादचा किल्ला गेला. देवस्थान म्हणून सुपारी हनुमान गेला, घाट म्हणून पैठण गेलं, आणि खाचखळगे म्हणून उरलेलं जवळजवळ सगळं शहर गेलं. बोलू नये अशी आठ प्रकारची माणसंही दिली आहेत: कामुक, रागीट, भ्रमात असलेला, गर्विष्ठ, लोभी, आळशी, एककल्ली आणि मूर्ख. वाचताना आधी सहकारी डोळ्यांसमोर येतात, मग नातेवाईक. तिथेच पुस्तक मिटावं, पुढे जाऊ नये.

भीतीच्या जागेत मी केशकर्तनालय धरतो. मागे गुलमंडीकडच्या एका दुकानात खुर्चीत बसलो होतो. मानेला पांढरा कपडा, गालाला साबण, गळ्यावर वस्तरा. बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तरुणाला आरशात माझी माळ दिसली. पेपर खाली करून तो म्हणाला, "काका, देव सगळीकडं हाये म्हंता, मंग पंढरपूरला कामून जाता?" गळ्यावर वस्तरा असताना माणूस फार मोठं उत्तर देऊ शकत नाही. मी नुसतं "हं" केलं. वस्तरेवाले चाचा म्हणाले, "चाचा, हिलू नक्को," आणि मग हात न थांबवता आरशातल्या त्या पोराला म्हणाले, "पानी घर में बी आता, फिर बी लोगां जायकवाडी देखने कू जाते ना?" घरात पाणी येतं, हे गृहीतक या शहरात वादग्रस्त आहे. पण मुद्दा बसला. पोरगा हसला आणि क्रिकेटच्या पानाकडे वळला. माझ्या श्रद्धेची बाजू इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आली नसती, आणि ती मांडली पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाने.

जायकवाडी म्हणजे नाथसागर, आणि नाथसागर म्हणजे पैठण. गोदावरीचं स्नान करून येताना नाथांच्या अंगावर थुंकणाऱ्या माणसाची कथा आम्हाला लहानपणापासून उत्तर म्हणून दिली जाते. तो थुंकला, नाथ पुन्हा नदीवर गेले. तो पुन्हा थुंकला, नाथ पुन्हा गेले. आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण पुष्कळदा एकशे आठवर येऊन थांबतो. शेवटी तो माणूस पायांवर आला आणि नाथ म्हणाले, तुझ्यामुळे मला गोदामाईचं इतकं स्नान घडलं. थोर कथा आहे. मी दर नाथषष्ठीला ऐकतो आणि दर वेळी मान डोलावतो. मात्र नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येणाऱ्या सिडकोत ही शांती व्यवहारात आणणं कठीण आहे. आमची सहनशीलता टाकीच्या क्षमतेएवढीच.

पण त्याच नाथांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि कीर्तनात ती फारशी निघत नाही. 'हिंदू-तुर्क संवाद' नावाची रचना आहे. सोळाव्या शतकातलं पैठण, देवगिरीवर निजामशाही, नाथांचे गुरू जनार्दनस्वामी त्याच किल्ल्यावर अधिकारी. आणि हा माणूस चक्क दोघांचं कडाक्याचं भांडण पद्यात मांडतो. तुर्क पुराणांतल्या देवांची लफडी काढतो, दगडाला देव म्हणता म्हणून हसतो, सोवळ्याची टिंगल करतो. हिंदूही कच्चा नाही. देव सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड का, बाकीच्या दिशा रिकाम्या आहेत का, असा उलट प्रश्न टाकतो. म्हणजे केशकर्तनालयातला तो प्रश्न चारशे वर्षांपूर्वी पैठणात आमच्याच बाजूने विचारून झाला होता. फिरत फिरत तो आमच्याकडे परत आला, एवढंच. शेवटी दोघांना उमगतं की वरवरच्या आचारावरून आपण भांडत होतो, आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासिकेने या रचनेवर लिहिलं आहे. त्यांचा प्रबंध होता आंबेडकरी चळवळीवर. नागसेनवन आणि पैठण ही दोन्ही ठिकाणं एकाच माणसाच्या अभ्यासात आलेली पाहून मला उगाच बरं वाटतं. आम्ही इथे राहून ती वेगवेगळ्या बसने गाठतो.

मला त्या संवादात विशेष वाटतं ते हे की नाथांनी आलिंगनाला फार जागा दिलेली नाही. बहुतेक सगळी जागा भांडणाला दिली आहे. आणि तुर्काचे प्रश्न लेचेपेचे करून ठेवलेले नाहीत. चांगले झोंबतील असे आहेत. स्वतःच्या धर्मावरची टीका विरोधकाच्या तोंडी इतकी जोरकस घालायची, तर ती आधी आपल्या मनात नीट ऐकलेली असावी लागते. थुंकी झेलण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं.

आणि काही प्रश्न तर झोंबतात, पण ते भांडणाचे नसतातच. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची पत्नी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. महिन्याभराने जिन्यात भेटले, माझा रस्ता अडवून उभे राहिले आणि माळेकडे बोट दाखवून म्हणाले, "काय करत होता हो तुमचा देव?" आवाज चढलेला होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हे राजाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. त्या जिन्यात माझ्याकडे ना रथ होता, ना रेडा. मी म्हटलं, "चला वर, चहा टाकायला सांगतो." ते आले. तासभर बसले, पत्नीच्या हातच्या धपाट्यांविषयी बोलले. देवाचा विषय पुन्हा निघाला नाही. अजून ते दिसले की मला विचारतात, यंदा पैठणला कधी जाणार? त्यातही थोडा खवचटपणा असतो. असू दे.

माझी खरी अडचण दिवसा नसते, रात्री असते. दिवसा झाकण लावून गप्प बसलेला माणूस रात्री अंथरुणावर फार तल्लख होतो. सहकाऱ्याने खिचडीवरून काय म्हटलं आणि मी काय म्हणायला हवं होतं, याची एकाहून एक सरस उत्तरं तेव्हा सुचतात. तुमच्या पावभाजीतला बटाटा कुठून आला, हे मला रात्री दीडला सुचलं. टोमॅटोचं त्यानंतर सुचलं. मिलिंद आणि नागसेन पहिल्या चर्चेनंतर सकाळी पुन्हा भेटतात तेव्हा राजा म्हणतो, मी नागसेनाला प्रश्न विचारले या आनंदात रात्र जागलो, असं समजू नका. मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं ते ठीक होतं ना, याचाच विचार करत होतो. भिक्खूही तेच म्हणतात. हे मी परवा रात्री सौ.ला मोठ्या आदराने सांगत होतो. ती म्हणाली, "त्यांनी ते सकाळी सांगितलं ना? तुम्हीही सकाळीच सांगा. आणि तो दिवा घालवा."