यंत्रमागधारकाने विमा कसा निवडावा: कबनूर परंपरेचे विवेचन

विमा हा संभाव्य नुकसानीच्या भरपाईचा करार असला, तरी कबनूर येथील लघुउद्योजकाच्या दृष्टीने तो मुख्यतः नातेसंबंधांचा, कर्जमंजुरीचा आणि मार्चअखेरीचा विषय असल्याने, त्याच्या निवडीची पद्धत अर्थशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि कालांतराने मागांचा खडखडाट शहराची हद्द ओलांडून लगतच्या कबनुरात शिरला. त्याच्याबरोबर सूत, बीम आणि वीजबिल यांविषयीचे ज्ञानही आले, परंतु विम्याचे ज्ञान येथल्या मातीत स्वतंत्रपणे वाढले. नवोदित यंत्रमागधारकाची गैरसोय होऊ नये, म्हणून त्या ज्ञानाची येथे मांडणी केली आहे.

पहिला सिद्धांत असा की, पॉलिसी निवडायची नसते, विमा प्रतिनिधी निवडायचा असतो; आणि तोही प्रत्यक्षात निवडावा लागत नाही, कारण तो पत्नीचा भाऊ, साडू किंवा पतसंस्थेच्या संचालकाचा पुतण्या म्हणून आधीच घरात येऊन बसलेला असतो. प्रस्तावपत्र, म्हणजे आपली मालमत्ता व प्रकृती यांविषयीची खरी माहिती विमा कंपनीला देण्याचा आणि पुढे ज्याच्या आधारे दावा मान्य अथवा अमान्य होतो तो अर्ज, कोरा ठेवून केवळ खाली सही करावी, असा प्रघात आहे. ‘‘बाकीचं मी भरतो, दाजी,’’ असे प्रतिनिधीने म्हटल्यावर अर्जातील रकाने वाचू पाहणे हा सासरवाडीवरील अविश्वास ठरतो. त्यामुळे आरोग्य विम्याच्या अर्जातील मधुमेहाच्या रकान्यात, समोर बसलेला विमेदार बिनसाखरेचा चहा पीत असतानाच, ‘नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले जाते. वास्तविक हा रकाना खरा भरल्यास, पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते, असा २०२४ पासूनचा नियम आहे. खोटा भरल्यास मात्र पहिले ६० महिने पूर्ण होईपर्यंत माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. तीन वर्षांची प्रतीक्षा टाळण्यासाठी पाच वर्षांची धास्ती पत्करण्याचा हा व्यवहार कबनुरात किफायतशीर समजला जातो.

दुसरा प्रश्न विमा रकमेचा. विमा रक्कम म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जितके देणे लागेल ती मर्यादा. ती इमारत, माग व माल यांच्या खऱ्या मूल्याइतकी असावी असे शास्त्र सांगते, आणि ती बँकेच्या थकीत कर्जाइतकी असावी असे बँकेचा कारकून सांगतो. कारकुनाच्या हाती कर्जाची फाइल असल्याने त्याचे मत ग्राह्य धरावे. मात्र अग्निविम्यात ‘ॲव्हरेज’ नावाचे एक कलम असते, ज्यान्वये मूल्यापेक्षा कमी रकमेचा विमा घेणाऱ्याने उरलेला धोका स्वतः पत्करला असे मानून, नुकसानही त्याच प्रमाणात वाटून घेतले जाते. मालमत्ता ४० लाखांची, कर्ज उरले म्हणून विमा १६ लाखांचा आणि आगीत नुकसान १० लाखांचे, असे असल्यास भरपाई ४ लाखच मिळते. आणि पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने तीही आधी कर्जखात्याकडे जाते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या, एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असणाऱ्यांसाठीच्या प्रमाणित पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमीपणा माफ केला आहे, आणि भूकंप व पूर यांचे संरक्षणही मुळातच समाविष्ट आहे. पंचगंगेने २००५, २०१९ आणि २०२१ साली या भागाला जे शिकवले ते पाहता पुराचा हा समावेश इष्टच म्हणावा लागेल, परंतु त्यामुळे ‘पूर वगळा आणि हप्ता कमी करा’ या जुन्या कौशल्याला वाव उरला नाही, याची जाणकारांना खंत आहे.

आता या विषयातील सर्वांत रसाळ भागाकडे वळणे योग्य होईल. कबनूर-इचलकरंजी भागातील पुष्कळ यंत्रमागधारक खर्चीवाले आहेत, म्हणजे ते व्यापाऱ्याचे सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतात. माग त्यांचे, वीजबिल त्यांचे, कामगार त्यांचे, परंतु मागावर चढलेले बीम आणि कोपऱ्यात रचलेले तागे व्यापाऱ्याचे. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात आहे, असा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत नसेल, तर त्या मालाच्या नुकसानीची भरपाई मिळण्यात अडचण येते, कारण विमा स्वतःच्या हितसंबंधापुरताच असतो. यावर स्थानिक उपाय असा की, खर्चीवाल्याने तो माल व्यापाऱ्याच्या विम्यात आहे असे समजावे आणि व्यापाऱ्याने तो खर्चीवाल्याच्या विम्यात आहे असे समजावे. ही परस्परविश्वासाची व्यवस्था, आग लागेपर्यंत, अत्यंत समाधानकारकपणे चालते. आग लागल्यानंतर जळालेल्या सुताची किंमत व्यापारी पुढच्या मजुरीतून कापून घेतो, आणि खर्चीवाला न घेतलेल्या विम्याचा हप्ता असा अनेक महिने भरत राहतो.

अग्निविम्यातील अपवादही साधकाने मनन करण्यासारखे आहेत. शॉर्टसर्किटने मोटार जळाली, तर त्या मोटारीचे नुकसान वगळलेले असते, पण तिच्या ज्वाळांनी शेजारचे माग जळाले तर ते नुकसान मिळते. मोटारीसाठी यंत्रबिघाडाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. चोरीच्या विम्यात तर चोराच्या वर्तनालाच महत्त्व आहे. घरफोडी म्हणजे बळजबरीने केलेला प्रवेश, असा पॉलिसीतील शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निकालात कायम केल्यापासून, कुलूप न तोडता, किल्लीने दार उघडून, तागे शांतपणे टेम्पोत भरून नेणाऱ्या चोराची भरपाई त्या विम्यातून मिळत नाही. चोराला दार फोडण्याची विनंती करणे व्यवहार्य नसल्याने, नोकरांच्या अफरातफरीसाठी असलेला विश्वासविमा, म्हणजे फिडेलिटी गॅरंटी, घ्यावा असे तज्ज्ञ सुचवतात. पण दिवाणजीच्या देखत तो घेणे अवघड असते.

कामगारांच्या बाबतीत सर्व विचार नऊ या संख्येपाशी येऊन थांबतो. दहा किंवा अधिक कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ईएसआय, लागू होते. म्हणून कुशल मालक चार शेड स्वतःच्या, पत्नीच्या, भावाच्या आणि आईच्या नावावर ठेवून प्रत्येकात नऊच कामगार दाखवतो. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी या योजनेत मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. अर्थात १५ हजारांच्या पगारावर मालकाला ४८७ रुपये ५० पैसे पडतात, आणि त्यात कामगारासह कुटुंबाचे उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. इतक्या पैशात इतके देणारी पॉलिसी बाजारात नाही. परंतु नऊवर थांबणाऱ्या मालकाच्या डोक्यावर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेली जबाबदारी तशीच राहते, जिच्यातून ईएसआय त्याला मुक्त करू शकली असती. धोटा उडून डोळ्याला लागणे किंवा पट्ट्यात हात जाणे यांची मागावर नवलाई नाही. पण कामावर असताना तीस वर्षांचा, १५ हजार पगाराचा कामगार मृत्यू पावल्यास, निम्म्या वेतनाला वयानुसारच्या २०७.९८ या गुणकाने गुणून भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. दरमहा ४८७ रुपये वाचवल्याचे समाधान या बेरजेतून वजा करून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकालाही, बहुसंख्य कामगारांच्या संमतीने, योजनेत स्वेच्छेने जाता येते; ही तरतूद कोणी वाचून दाखवल्यास त्याला चहा द्यावा आणि विषय सुताच्या दरावर न्यावा.

सात ते नऊ कामगार असलेल्यांना समूह आरोग्य विमा मिळू शकतो, ज्यात जुने आजारही बहुधा पहिल्या दिवसापासून समाविष्ट करून घेता येतात; मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला आणि समूह विम्यावरचा १८ टक्के तसाच राहिला, एवढे कारण कामगारांना वगळण्यास पुरेसे मानले जाते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत ठरावीक उपचार मोफत आहेत, ‘‘सरकारचं आहेच की,’’ असे म्हणताना, उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कामगाराकडे महाराष्ट्राचे रेशन कार्ड नसते, हे उच्चारण्याची गरज नाही. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजनाही आहे, पण दोन चहांच्या किमतीच्या वस्तूला विमा मानायला मालक आणि कामगार दोघेही तयार नसतात.

मालकाच्या स्वतःच्या आरोग्य विम्यात खोलीभाड्याची मर्यादा पाहू नये. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या २ टक्के, कमाल ५ हजार रुपये रोज, इतकी असते. २ लाखांच्या विम्यावर ४ हजार. कोल्हापुरातील रुग्णालयात ८ हजारांची खोली घेतल्यास भाड्याबरोबर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्म्यावर येतो. परंतु बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बसायला जागा हवी, हे कारण वैद्यकीयदृष्ट्या निर्णायक असते.

दावा नाकारला गेल्यास प्रतिनिधी लग्नसराईत व्यग्र असतो. अशा वेळी विमा लोकपालाकडे, म्हणजे तक्रारी विनामूल्य ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्याचे कार्यालय पुण्यात आहे, सूक्ष्म उद्योगांची तक्रारही तेथे घेतली जाते, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देववण्याचा अधिकार त्याला आहे. तक्रारीवर सही मात्र पॉलिसीत नाव असलेल्या व्यक्तीचीच लागते, आणि चौथ्या शेडची कागदोपत्री मालकीण असलेल्या आईला आपला एक कारखाना होता, ही बातमी तो जळाल्याच्या बातमीबरोबरच कळते.