वाऱ्याच्या मर्जीचा रविवार

शिडाच्या होडीत बसून 'किती वाजता पोचू?' असं विचारू नये. गेटवेहून निघताना मी ते विचारलं, तेव्हा आमच्या तांडेलकाकांनी आधी आभाळाकडे, मग शिडाकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. तिघांत सर्वांत कमी भरवशाचं कोण, ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मांडवा समोरच तर आहे. लाँच तासाभरात पोचवते. आम्ही मात्र उशिरा पोचण्यासाठी तिच्या कितीतरी पट पैसे मोजले होते.

भल्या पहाटे निघायचं, हा काकांचा हुकूम. रविवारी कोण उठतं, अशी कुरकुर घरात झाली; पण त्यामागे शाळेतला भूगोल होता. मतलई वारे आणि खारे वारे यांतला फरक आपण दोन गुणांसाठी पाठ करतो आणि पुढे विसरतो. जमीन रात्री पाण्याआधी निवते, म्हणून पहाटेचा वारा समुद्राकडे जातो. दिवसा ती आधी तापते, म्हणून दुपारचा वारा किनाऱ्याकडे येतो. कोकणच्या मचव्यांचं वेळापत्रक या दोन गुणांच्या उत्तरावर चालत आलं. डिसेंबरातला गार मतलई पाठीशी घेऊन आम्हीही छान सुटलो. वेग 5 नॉट, म्हणजे ताशी साधारण 9 किलोमीटर. आवाज फक्त पाण्याचा आणि मेहुण्यांचा.

हिवाळी पाहुणे कुरव पक्षी लाँचमागे वेफर्ससाठी झुंबड करतात. आमच्याभोवती त्यांनी एक घिरटी घातली, जेवणाची सोय नाही हे हेरलं आणि ते लाँचकडे वळले.

अकराच्या सुमाराला वारा पडला. मतलईची पाळी संपली होती आणि खारा अजून कामावर हजर झाला नव्हता. शीड लोंबलं. मांडवा दिसत होतं, पण जवळ येत नव्हतं. मेहुण्यांनी विचारलं, "काका, इंजिन आहे ना?"

"हाय ना. लावू? मंग लाँचनंच जायचं होतं."

यावर कुणाला काही बोलता येईना. मग डबे उघडले. कोलंबीचं लोणचं, तांदळाच्या भाकऱ्या आणि समोर दक्षिणेला खांदेरीचा पुसट ठिपका. 1679 मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला होता. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या, पण सगळी भिस्त वाऱ्यावर. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ही मारत मधून सटकायच्या आणि रसद पोचवायच्या. वारा पडलेल्या जहाजावर उभं राहून दुसऱ्याची होडी निघून जाताना बघणं म्हणजे काय, ते त्या दुपारी मला कळलं. आमच्या शेजारून एक कोळी एकटाच वल्हवत मांडव्याकडे गेला. मेहुण्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून त्यांनाही वेढ्याचा इतिहास पटला असावा.

खरं सांगायचं तर सहलीचा उत्तम भाग तोच. फोनला रेंज होती, पण तो खिशातून काढायचं कुणाला सुचलं नाही. बायको चक्क झोपली.

एकच्या पुढे खारा आला, मांडव्याला टेकून आम्ही परत फिरलो आणि निवांतपणा संपला. वारा वायव्येचा, परतीची वाट उत्तरेची. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही. जेमतेम 45 अंशांचा कोन राखून एकदा घारापुरीच्या दिशेने, एकदा भर समुद्राकडे, अशी नागमोडी चढावी लागते. दर वळणाला शिडाच्या तळाचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन फिरतो. काका ओरडणार, "मान खाली!", आणि सगळ्यांनी गुडघ्यांवर रांगत दुसऱ्या कडेला जायचं, बायकोनं डबे धरायचे, मेहुण्यांनी दोर, मी टोपी. अशाच एका रांगण्याच्या वेळी परतीची लाँच जवळून गेली. तिच्यावरची माणसं कठड्याशी दाटीवाटीनं उभी राहून आमच्या पांढऱ्या शिडाचे फोटो काढत होती, आणि एक बाई शेजारणीला सांगत होती, "बघ गं, किती आरामात चाललेत!"