ही, शी आणि शेळी

पहिलीच्या वर्गात ‘ही’ आणि ‘शी’ शिकवायला घेतलं, त्या दिवशी माझ्यामुळे दोनदा रडारड झाली. एका मुलाला फळ्याजवळ उभं केलं, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “ही इज अ बॉय.” वर्ग फिस्सकन हसला. मागच्या ओळीतून आवाज आला, “बाई, तो ही कसा? तो तर हा!” उभा केलेला पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि त्याने भोकाड पसरलं. शहाण्या बाईने तिथेच थांबून गोष्ट सांगायला घेतली असती. मी मुलीकडे वळले. “शी इज अ गर्ल.”

‘शी’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि सहा वर्षांच्या पोराला दोन्ही पक्के ठाऊक असतात. त्या मुलीने त्या दिवशी नव्या लाल रिबिनी बांधल्या होत्या. ती रडली नाही, नुसती खाली मान घालून बसली; रडली ती घरी जाऊन. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत तिची आजी पदर खोचून शाळेच्या दारात हजर. “बाई, पोरगी रोज न्हाऊन येती शाळंला.”

आजींना खुर्चीवर बसवून, चहा पाजून सगळा उलगडा केला. त्यांना पटलं. जाताना एवढंच म्हणाल्या, “मग इंग्रजांनी दुसरा शबुद काढायचा की.”

त्यानंतर मी एक वही घातली. इंग्रजीतले जे जे शब्द पोरांच्या कानाला मराठी लागतात, ते तिच्यात टिपून ठेवायचे. ‘सिट डाऊन’ म्हणजे बस, आणि बस म्हणजे बस. ‘पेन’ म्हणजे पेन, आणि दुखतं तेही पेन, ‘स्टमक पेन’ ऐकल्यावर एकाने काळजीने विचारलं होतं, “कुणी गिळलं?” ‘दे’ म्हणजे ते सगळे, पण मी ‘दे’ म्हटलं की पुढच्या ओळीतलं पोर मुकाट हातातली पाटी पुढे करतं. ‘मी’ तेवढा दोन्हीकडे मीच. ‘गिव्ह मी’ शिकवायला मला आजवर कष्ट पडलेले नाहीत.

वहीतलं एक पान मात्र मी अधूनमधून उघडून बघते. आमच्या माण तालुक्यात आईला ‘आय’ म्हणतात. आंतरजिल्हा बदलीने इकडे येण्याआधी मी परभणी जिल्ह्यात होते, तिथे ‘माय’. म्हणजे पोर इंग्रजीत स्वतःबद्दल तोंड उघडतं तेच आईला हाक मारून, आणि एखादी वस्तू माझी म्हणतं तेही आईच्याच नावाने. बालभारतीच्या पुस्तकाचं नाव ‘माय इंग्लिश बुक’. परभणीकडच्या शाळेत मी ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा एका पोरीने मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारलं होतं, “ही कुणाची माय?” मी नवी होते, अभ्यासक्रम पुरा करायची घाई होती. ‘माय म्हणजे माझं’ असं सांगून पान उलटलं. आज उलटलं नसतं.

इंग्रजीशी नातं जोडायची आपली हौस जुनीच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर ‘वाघिणीचं दूध’ सांगतात. सावित्रीबाई फुल्यांनी तिला माउली म्हटलं, आणि ज्यांना शतकानुशतकं अक्षराच्या जवळही फिरकू दिलं नव्हतं त्यांच्या अंगणातून पाहिलं तर ती माउलीच होती. माझी गाठ पडली ती वाघिणीशी. दूध पौष्टिक असतं हे सगळे सांगत, पण वाघिणीखाली बसून धार कुणी काढायची, हे कुणी बोलत नसे. ते काम पाचवीतल्या पोरांकडे होतं.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. आमचे सर रोज दहा शब्द घालत, चुकेल त्या शब्दाला तळहातावर एक छडी. आम्ही पोरींनी जीव वाचवायची युक्ती शोधली होती: वेड-नेस-डे, टो-गेट-हर, फुटुरे, नाटुरे. गुपचूप असं घोकायचं, लिहिताना मनात तेच म्हणायचं. स्पेलिंग बरोबर यायचं, हात शाबूत राहायचा. पण त्या भाषेत दोन माणसं एकमेकांशी बोलत असतील, भांडत असतील, कुणाला तरी जेवायला बोलावत असतील, असं आमच्या स्वप्नातही आलं नाही. तिशी उलटेपर्यंत इंग्रजीतलं एक वाक्य मी आपणहून बोलले नाही. स्पेलिंग आजही चुकत नाही. बुधवारचं लिहिताना मात्र उजवा तळहात जरा आखडतो.

आणि मग २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मुलांवर ओझं की मुलांना संधी, असा वाद वर्तमानपत्रांत रंगला. शिक्षकांच्या पोटात गोळा आला होता, त्याची बातमी काही कुणी छापली नाही. छडीच्या धाकाने जे जेमतेम घशाखाली उतरलं होतं, तेच आता हसतखेळत शिकवा असा आदेश होता. आदेश अर्थातच मराठीत होता.

तालुक्याला प्रशिक्षण लागलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पांढरी टोपी घालणारे एक गुरुजी आमच्या गटात होते. साधनव्यक्तीने डोकं, खांदे, गुडघे, पायाची बोटं असं इंग्रजी गाणं सगळ्यांकडून हावभावांसह म्हणून घेतलं. गुरुजींचे हात गुडघ्यांपर्यंत पोचले. बोटं त्यांनी लांबूनच मान्य केली. या उड्यांमागेही शास्त्र आहे, हे दुपारी कळलं: जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. सूचना ऐकायची, ती अंगाने करून दाखवायची, तोंडाने बोलायची कसलीही घाई नाही. गुरुजी माझ्याकडे झुकून म्हणाले, “हे आपल्याला पाचवीत असतं तर?” त्यांच्या तळहाताचीही काही कहाणी असणार. मी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी साधनव्यक्तीने फळ्यावर भली मोठी गाळणी काढली. तोवर सव्वाअकरा वाजले होते, त्यामुळे चहा आला असंच सगळ्यांना वाटलं. ती गाळणी निघाली स्टीव्हन क्रॅशन या भाषातज्ज्ञाची. शिकणाऱ्याच्या कानावर भाषा कितीही पडो, मनात भीती असेल, स्वतःवर भरवसा नसेल, मन लागत नसेल, तर मध्ये एक गाळणी धरली जाते आणि खाली फारसं काही उतरत नाही, असं क्रॅशन म्हणतात. विद्वानांमध्ये या म्हणण्यावर वाद आहेत. गाळणी दाखवा, मोजा कशी मोजता ती, असं विचारणारे आहेत, आणि त्यांचंही चूक नाही. मला मोजून नको होती. माझी गाळणी मी इतकी वर्षं बरोबर वागवत आले होते, फक्त तिला नाव असतं हे माहीत नव्हतं.

परत आल्यावर उत्साहाच्या भरात भिंतीवर भावनांचा तक्ता लावला. चार पिवळे गोल चेहरे: हॅपी, सॅड, अँग्री, अफ्रेड. रोज सकाळी हजेरीनंतर एकेकाने येऊन आपला चेहरा दाखवायचा. आठ दिवस सगळेच हॅपी होते, कारण तो चेहरा सगळ्यात खाली होता आणि तिथे हात पोचत होता. नवव्या दिवशी एक मुलगी तक्त्यासमोर उभीच राहिली. चारही चेहरे न्याहाळून म्हणाली, “बाई, रुसलेला कुठाय?”

मी तक्त्याकडे बघत राहिले. रुसलेला नव्हता. फुगलेला नव्हता. हिरमुसलेला, लाडात आलेला, खट्टू झालेला, कुणाशी कट्टी घेतलेला, यांतला कुणीच तिथे नव्हता. त्या पोरीला राग आला नव्हता, दुःख तर नव्हतंच. मैत्रिणीने डबा दुसरीबरोबर खाल्ला होता, आणि कुणीतरी आपली समजूत काढावी एवढीच तिची मागणी होती. शब्दकोश उघडून पाहिला. समजूत काढण्याची अपेक्षा पोटात धरून केलेला राग इंग्रजीत एका शब्दात काही मला सापडला नाही. मग खडूने पाचवा चेहरा काढला, गाल फुगवलेला, मान वळवलेला, एक डोळा हळूच आपल्याकडे ठेवलेला, आणि खाली देवनागरीत लिहिलं: रुसू. तक्त्यावर सगळ्यात जास्त बोटं त्याच्यावरच पडली.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, ती आठवली की अजून ओशाळायला होतं. तपासणीला विस्तार अधिकारी आले होते. त्यांनी पुढच्या ओळीतल्या पोराला विचारलं, “हाउ आर यू?” पोर ताडकन उठलं, “आय अ‍ॅम फाइन, थँक्यू सर” असं खणखणीत म्हणालं आणि खाली बसताना माझ्या साडीवर कलंडलं. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मांडीवर डोकं घेतल्यावर पुटपुटलं, “बाई, मला आयकडं जायचंय.” खरं उत्तर त्याच्याजवळ होतं. इंग्रजीतलं एकच उत्तर मी त्याला पाठ करून दिलं होतं, ते त्याने इमानाने दिलं. दुसऱ्या दिवसापासून फाइन बंद केलं. ‘नॉट फाइन’ म्हणायची मुभा दिली, तर पंधरा दिवस सगळा वर्ग आजारी.

पोरं इंग्रजी आपणहून कधी बोलतात, याचा मी पुष्कळ वर्षं माग काढला आहे. बोला म्हटलं की बोलत नाहीत. बक्षीस दाखवलं तर पाठ केलेलं बोलतात. स्वतःचं पहिलं वाक्य येतं ते बहुतेक वेळा तक्रारीचं. “बाई, ही टेकिंग माय रबर!” इथे ‘ही’ म्हणजे शेजारी बसलेली मुलगी. मराठीच्या हिशेबाने शब्द बरोबर, इंग्रजीच्या हिशेबाने चूक, आणि फिर्याद शंभर टक्के खरी. पूर्वी मी आधी ‘ही’ सुधारत असे. तेवढ्यात फिर्यादीचा चेहरा पडायचा आणि पुढच्या खेपेला तो मराठीतच ओरडायचा. आता आधी खोडरबर परत मिळवून देते. न्याय मिळाला की माणूस व्याकरणही ऐकून घेतो.

एका तपासणीनंतर शेरेबुकात शेरा आला: ‘मुले इंग्रजी चुकीचे बोलतात.’ मुख्याध्यापक दिवसभर गप्प होते. मी पेन्सिलीने ‘बोलतात’खाली रेघ ओढून ठेवली.

लाडाने सगळं जमतं, असं मात्र कुणी माझ्या तोंडी घालू नये. इंग्रजी स्पेलिंग कुणाच्या मायेला दाद देत नाही. बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट हा अन्याय आहे, पोरांना तो अन्यायच वाटतो, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. ‘चुपके चुपके’ सिनेमात धर्मेंद्र १९७५ साली याच धर्तीवर भांडून गेला, त्यालाही कुणी धड उत्तर दिलं नाही. मी पोरांना सांगते, हो, अन्याय आहे, आता दहा वेळा लिहा. अन्याय कबूल केला की दहा वेळा लिहिताना कुरकुर कमी होते.

दुसरीत एक पोरगा होता. दिवाळीपर्यंत त्याच्या तोंडून इंग्रजीचं अक्षर बाहेर पडलं नाही. विचारलं की खिडकीबाहेर बघायचा. दोन महिने माझ्या टाचणवहीत त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’. एकदा बाजारात त्याची आई भेटली, जरा चिडूनच म्हणाली, “काय शिकवताय वो बाई? पोरगं शेळीसंगं कायबाय बोलतंय.”

पुढे कसल्याशा सर्वेक्षणासाठी त्यांच्या वस्तीवर जावं लागलं. घराच्या मागच्या अंगाला बाभळीला शेळी बांधलेली होती, आणि समोर हे महाशय, हातात तुरीची काटकी. “सिट डाऊन.” शेळी उभीच. “व्हॉट इज युवर नेम?” शेळी ओरडली. “व्हेरी गुड!” आवाज माझा, मान वाकडी करायची लकब माझी, शाबासकी देताना दोन्ही तळवे एकमेकांवर घासायची सवयही माझीच, जी मला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेळी पुन्हा ओरडली, तसा तो तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “डोन्ट क्राय.”

हे वाक्य पुस्तकात नाही. मीही कधी शिकवलेलं नाही. जूनमध्ये कुणीतरी रडत होतं तेव्हा म्हटलं असेन. बहुधा तोच रडत होता. माझ्या वर्गात तीस पोरं आहेत, चुकलं की तीसही हसतात. शेळी हसत नाही. मी पाय न वाजवता माघारी फिरले, सर्वेक्षणाचा कागद दुसऱ्या दिवशी भरला.

जानेवारीत एका सोमवारी तो शाळेत आला तो थेट माझ्या टेबलाशी. दोन बोटं वर करून म्हणाला, “बाई, टू!” शेळी व्याली होती. करडांची नावं ठेवलीस का, म्हणून विचारलं. ठेवली होती: एकाचं ही, एकीचं शी. मधल्या सुट्टीत मी वस्तीवर जाऊन पाहून आले. नर आहे तो ही, आणि मादी आहे ती शी.