कोलाडचं पंक्चर

कोलाडच्या कुंडलिकेला घड्याळ कळतं. भिऱ्याच्या वीजघरात वीज करून झाली की ते पाणी नदीत सुटतं, तेही बहुतेक सकाळी. ते ओसरायच्या आत राफ्टिंग उरकायचं. उशिरा उठणाऱ्यांनी पात्रातले दगड मोजावेत.

नेमक्या या घाईत आमची राफ्ट बसली. बाजूच्या फुग्यावर साबणाचं पाणी ओतताच बोटभर चिरेतून बुडबुडे आले आणि काठावरच्या प्रत्येक पुरुषातला मेकॅनिक जागा झाला. एकाने सायकलचं सोल्युशन सुचवलं. दुसऱ्याचा एम-सीलवर जीव. घरची टाकी, मोरी आणि संसार त्याने म्हणे त्यावरच तगवला होता. आमच्या नानाकाकांनी तर खिशातून झटपट चिकटवणारी ट्यूबच काढली. ती घेतल्याशिवाय ते लग्नालाही जात नाहीत.

राफ्टवाल्या दादाने एवढंच विचारलं, "बोट कशाची आहे?"

"रबराची!" काठ एकमुखाने म्हणाला.

"पीव्हीसीची."

सन्नाटा. आजवर डिंकाची जात सगळ्यांनी पाहिली होती, ज्याला चिकटवायचं त्याची कुणीच विचारली नव्हती. सायकलचं सोल्युशन रबरी ट्यूबचं. पीव्हीसीवर ते पापुद्र्यासारखं सुटतं. एम-सील दगड होऊन बसतं आणि फुगा वाकला की तडकतं. काकांच्या ट्यूबचीही तीच गत. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा गोंद लागतो, हायपॅलॉनच्या बोटीला सहसा निओप्रीनचा.

आणि नुसता फासून भागत नाही. जागा खरखरीत करून सॉल्व्हंटने पुसायची. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर टोकं उचकटतात. गोंदात हार्डनर मिसळून दोन्हीकडे पातळ हात द्यायचा, आणि मग काहीही न करता थांबायचं. हे आपल्याकडे कुणाला जमतं? बोटाला जेमतेम चिकचिकेल इतपत सुकला, की ठिगळ ठेवून रोलरने मधून कडेकडे हवा काढत दाबायचं. हवा दमट असेल तर गोंद धरतच नाही. कोकणात जुलैमध्ये म्हणूनच हे काम नदीकाठी नव्हे, बंद खोलीत.

"किती वेळ?"

"चोवीस तास."

पाणी तोवर थांबणार नव्हतं. दादाने दुसरी राफ्ट ओढली आणि काकांपुढे हात केला. "ती ट्यूब इथेच ठेवा. खिशात फुटली तर बोटीला चिकटून बसाल."

"मग राहू दे की," काका ट्यूब आणखी खोल कोंबत म्हणाले, "मला पोहता येत नाही."