प्रकटीकरण आले, सरका!

दिवा-रोहा मेमूत पेण आणि कासूच्या दरम्यान कुणी कुणाला ‘पाखंडी’ म्हणताना ऐकू आलं, तर खुशाल समजावं की प्रकटीकरण डब्यात आहेत. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तीन-चार मंडळ्यांच्या रजिस्टरांत काट मारलेल्या अवस्थेत आहे. पण नागोठण्याची कॉलेजची पोरंसुद्धा ‘प्रकटीकरण आले, सरका’ म्हणूनच त्यांना जागा करून देतात. बायबलच्या सहासष्ट पुस्तकांपैकी शेवटचं हेच खरं पुस्तक, आधीची पासष्ट ही त्याची प्रस्तावना, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. सहासष्ट खरी की कॅथलिकांची त्र्याहत्तर, या वादात एकदा त्यांचं रोहा स्टेशनसुद्धा मागे राहायचं; पण गाडीच पुढे जात नव्हती, म्हणून वाचले.

अंगात पांढरा बुशशर्ट, काखेत चेनच्या कव्हरातलं बायबल, खिशाला चार पेनं. लाल पेन महासंकटासाठी, हिरवं हजार वर्षांच्या राज्यासाठी, निळं स्वर्गासाठी आणि काळं इतर मंडळ्यांसाठी. काळ्या पेनाची रिफिल आधी संपते.

गृहस्थ मूळचे नगरचे. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर. नोकरी मात्र धाटावच्या एमआयडीसीत झाली. रसायनाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते, तिथूनच निवृत्त झाले. आता मुलाकडे पेणला राहतात आणि उपासनेला रोह्याला जातात. पेणला उपासना का नाही, असं त्यांना विचारू नये. ती गोष्ट सांगायला पेण ते रोहा हे अंतर पुरत नाही.

बाप्तिस्मा त्यांचा तीनदा झाला. पहिला नगरला, तान्हेपणी, कपाळावर पाणी शिंपडून. पुढे धाटावला मल्याळी सहकाऱ्यांनी पटवून दिलं की शिंपडलेलं चालत नाही, बुडवावं लागतं. म्हणून दुसरा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मग तिसऱ्याच एका पाळकांनी सांगितलं की हे सूत्रच चुकलं, फक्त येशूच्या नावाने हवं. तिसरा बाप्तिस्मा कोलाडला कुंडलिकेत ठरला. कोलाडच्या कुंडलिकेला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलं की, हे तिथल्या राफ्टिंगवाल्या पोराला ठाऊक होतं, पाळकांना नव्हतं. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि काठावरून पोरगं ओरडलं, ‘साहेब, पाणी सुटलं!’ सूत्र अर्ध्यावर टाकून दोघेही काठावर आले. तो बाप्तिस्मा धरायचा की नाही, यावर ती मंडळी पुढे फुटली.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन स्थापन झालं. तिथे बालकाचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. भारतीय ख्रिस्ती इतिहासातला हा समजूतदारपणाचा मोठा प्रसंग. प्रकटीकरणांचा त्यावर शेरा एवढाच, ‘सहा जण एक झाले, म्हणजे पाच जणांनी तरी सत्य सोडलं!’

भांडणाचा मुद्दा थोडक्यात असा. ख्रिस्त परत येणार यावर सगळ्यांचं एकमत. कधी आणि कसा यावर मुळीच नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याची गोष्ट आहे. कॅथलिक आणि बहुतेक जुन्या मंडळ्या ती हजार वर्षं मोजून धरत नाहीत. ही वाट पाचव्या शतकात ऑगस्टिनने घालून दिली. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने शिकवलं की आधी खरे विश्वासणारे ढगांत उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल आणि मग ख्रिस्त राज्य करायला उतरेल. ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, ती हजार वर्षं भक्त स्वर्गात असतील आणि पृथ्वी ओस पडेल. यहोवाचे साक्षीदार म्हणतात, स्वर्गात जागा १,४४,००० जणांनाच; बाकी नीतिमान इथेच नंदनवनात राहतील.

प्रकटीकरण या चारही बिऱ्हाडांत राहून आले आणि चारही ठिकाणाहून भांडून निघाले. डार्बीच्या मताशी त्यांचं फाटलं ते कारखान्याच्या अनुभवावरून. ‘मी आयुष्यभर शिफ्टा लावल्या. रिलीव्हर आल्याशिवाय माणूस जागा सोडत नाही. महासंकट तोंडावर असताना देव आपली माणसं आधीच उचलून नेईल? प्लँट कोण बघणार?’ यावर डार्बीच्याच मताच्या ब्रदरन मंडळीतल्या एका मल्याळी फोरमनने शांतपणे विचारलं, ‘सर, तुम्ही स्वतः किती वेळा लवकर घरी गेलात?’ त्या रविवारपासून त्यांनी ती मंडळी सोडली.

तारीख मात्र ते कधी सांगत नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती आणि रात्रभर वाट पाहून सकाळी ते घरी परतले, हे त्यांना पाठ आहे. ‘तारीख सांगणारा पाखंडी,’ ते बजावतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘पण पुढचा महिना काही खरा नाही.’ एवढं बोलून ते मोबाइलवर जानेवारीतल्या लग्नासाठी मांडवी एक्स्प्रेसचं आरक्षण उघडलं का ते बघतात.

घरात भिंतीवर त्यांनी शेवटच्या काळाचा तक्ता लावलाय, शेजारी कालनिर्णय. तक्त्यावर सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. कालनिर्णयावर काकूंच्या हातचे दुधाचे खाडे. ‘अहो, जग बुडायच्या आधी सिलिंडरचा नंबर लावा,’ असं त्या म्हणतात, आणि ते लावतात.

खरी पंचाईत होते ती बिऱ्हाड पेणमध्ये असल्यामुळे. देवाच्या येण्याजाण्याचं पेणइतकं चोख वेळापत्रक जगात कुठे नाही. गणपतींचं विसर्जन होऊन फार दिवस जात नाहीत तोच मूर्तींच्या कारखान्यांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. शेजारच्या मूर्तिकाराला एकदा त्यांनी दोन तास पुनरागमन समजावून सांगितलं. तो सोंडेला पॉलिश करत होता. हात न थांबवता म्हणाला, ‘काका, आमच्या देवाची तारीख कॅलेंडरात छापलेली असते. तुमची कळली की सांगा, दोन दिवस आधी.’

दुसरा फटका बसला अष्टमीत, रोह्याच्या अगदी शेजारी. तिथे बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं आता बहुतेक इस्राएलमध्ये सापडतात. एलिया संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून स्वर्गात गेला आणि रथाच्या खुणा ठेवून गेला, अशी या लोकांची श्रद्धा. त्याच्या नावाने ते मलिदा करतात. मूळ गाव बघायला आलेल्या एका वृद्ध पाहुण्यांना प्रकटीकरणांनी गाठलं आणि मसीहाच्या दुसऱ्या येण्याचा विषय काढला. म्हातारबुवांनी अस्सल कुलाबी मराठीत उत्तर दिलं, ‘दुसऱ्यांदाचं तुमचं तुम्ही बघा. आमचा अजून पहिल्यांदाच यायचाय.’

कोणाचं तारण झालं आणि कोणाचं नाही, हा निकाल ते मयतीलाही देतात. एकदा भावाच्या अंत्यविधीच्या आधी त्यांनी वाद काढला की गेलेले भाऊ या क्षणी नेमके कुठे आहेत: सुखलोकात, शुद्धीस्थानात की निद्रेत? भावाची बायको डोळे पुसत म्हणाली, ‘ते आत्ता पेटीत आहेत. आधी खांदा द्या.’ त्यांनी मुकाट्याने दिला. खांदा द्यायला, रात्री दवाखान्यात बसायला, पाखंड्याच्या मुलीच्या लग्नात वाढायला ते पहिले असतात, हेही सांगितलं पाहिजे.

अशा माणसाचं नशीब एवढंच की तो उशिरा जन्मला. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते आणि त्यांच्या मुलखावर गोव्याच्या इन्क्विझिशनचा अंमल चाले. वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला, तरी छुपा ज्यू म्हणून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्या काळात प्रकटीकरणांना मुद्दा पुरा करता आला नसता. पुढे दिवस पालटले. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतल्यावरही अँग्लिकन सिस्टरांशी पत्रांतून धर्मतत्त्वांवरून वाद घातला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. दोघांनाही कुणी जाळलं नाही. रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबल आणलं, टिळकांनी भजनं दिली. प्रकटीकरणांनी अजून फक्त तक्ता दिलाय. पण मोकळेपणी चुकायचा हक्क तिघांचा सारखाच.

माझं निरीक्षण असं की पाखंडी शोधणाऱ्या माणसाला पाखंड्यांवाचून एक दिवस करमत नाही. मंडळीतल्या शेवटच्या माणसाने मान डोलावली की त्यांना तिथे अस्वस्थ वाटायला लागतं आणि पुढच्या रविवारी ते दुसरी मंडळी शोधतात. तेव्हा मेमूत कधी ते शेजारी येऊन बसले, तर त्यांच्याशी खुशाल भांडा. फक्त ‘तुमचं म्हणणं पटलं’ असं चुकूनही म्हणू नका. रोह्यात आता त्यांना जायला दुसरी मंडळी उरलेली नाही.