लागलं म्हण, बाप्पा!

भाच्यानं मामाकडे काय मागावं, याची आमच्या गोंदियात एक रीत आहे. शाळेत असताना सायकल, कॉलेजात मोबाइल आणि पुढे नोकरीसाठी कोणाची तरी ओळख. माझ्या भाच्यानं पिस्तूल मागितलं. तेही भर पंगतीत, आईच्या देखत.

"मामाजी, मले एअरसॉफ्टचं पिस्तूल घेऊन द्या. सीक्यूबी खेळाचं हाय."

सीक्यूबी ही कुठलीतरी प्रवेश परीक्षा असावी असं ताईला वाटलं. भात वाढता वाढता तिनं क्लासची फी विचारली. फी नाही, फक्त छर्रे लागतात, असं चिरंजीवांनी सांगितल्यावर भातवाढणी हवेतच थांबली.

मग त्यानं आम्हां दोघांचा वर्ग घेतला. जपानात सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही. म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी 1970 च्या दशकात खोटी पिस्तुलं काढली. हुबेहूब खऱ्यासारखी, पण त्यांतून 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी उडते. मैदानात खेळायला लांब बंदुका असतात. खोल्याखोल्यांतून, जिन्याआडून, दाराच्या फटीतून लपूनछपून खेळायची लढाई ती सीक्यूबी, आणि तिथं पिस्तूलच बरं, कारण लांब नळी दाराच्या चौकटीत अडकते. हे शेवटचं वाक्य ताईलाही पटलं. आमच्या घरात आजवर शिडी, पलंग आणि एक जावई असे तिघे चौकटीत अडकून झालेले आहेत.

लढाईची जागा ठरलेलीच होती. भाच्याच्या मित्राच्या वडिलांची राईस मिल बंद पडून आहे. धानाच्या जिल्ह्यात पोरांना बंद मिल मिळणं काही अवघड नाही. आत बारदानाच्या थप्प्या, गंजलेली चाळणी, छतापर्यंत गेलेला एलिव्हेटर आणि कोपऱ्यात तुसाचा ढीग. मी जाऊन पाहून आलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी नजर कुठंच जात नाही. जास्तीत जास्त दहा पावलांवर काहीतरी आडवं येतंच.

ही दहा पावलं लक्षात ठेवा, कारण दुकानदाराला ती ठाऊक नसतात. गोरेलाल चौकाकडच्या बाजारात आम्ही चौकशीला गेलो, तर दुकानदारानं पहिला प्रश्न केला, "किती लांब जायला पाहिजे?" तिथून त्याची जीभ सुटली. नळीत एक इवलासा रबर असतो, तो गोळीला उलटी गिरकी देतो, त्यामुळं गोळी खाली न पडता दूरवर सरळ जाते, त्याला हॉप-अप म्हणतात, आणि त्याचे इतके पैसे जास्त. विद्या खरी आहे, पण दहा पावलांवर भिंत असताना दूर जायचे पैसे कशाला मोजायचे? नागपूरला उतरणाऱ्या माणसानं मुंबईपर्यंतचं तिकीट काढावं, तसा हा सौदा.

पुढचा प्रश्न, गोळी उडवायची कशाच्या जोरावर. तीन वाटा आहेत. स्प्रिंगचं पिस्तूल दर गोळीला हातानं मागे ओढावं लागतं. बॅटरीचं पिस्तूल बिचारं सरळमार्गी, कुरकुर आवाज करत आपलं काम करतं. आणि गॅसचं पिस्तूल दर गोळीला खऱ्यासारखा झटका देतं, म्हणून भाच्याचा जीव त्याच्यात अडकलेला. त्यातला 'ग्रीन गॅस' म्हणजे मुळात प्रोपेन, वरून थोडं सिलिकॉनचं तेल. हे ऐकताच ताईनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "सिलिंडर इथं महिनाभर पुरत नाही अन् तू त्याच्या गोळ्या झाडतो?"

खरी अडचण मात्र सिलिंडरची नव्हे, गोंदियाच्या हवेची आहे. गॅस थंड झाला की त्याचा दाब पडतो. भराभर गोळ्या झाडल्या तर पिस्तूल आपलं आपणच गारठतं. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सगळ्यांत गार गावांत आमचं नाव हमखास पहिल्या ओळीत, म्हणजे तेव्हा पिस्तूल खोकत बसणार. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा दाब इतका चढतो की झडप उघडायलाच नकार देते. उरला पावसाळा. पण पावसाळ्यात मिल गळते.

कायद्याचीही चौकशी केली. हवेच्या बंदुकीची नळी 0.177 इंचाच्या आत आणि जोर 20 ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही. एअरसॉफ्टची 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगानं गेली तर जोर भरतो जेमतेम 1 ज्यूल. म्हणजे अंगात ताकद नाही, पण व्यास 6 मिलिमीटर, इंचांत 0.236. अशक्त पण जाड! तिला कोणत्या कलमात बसवायचं, हे मी एका वकील मित्राला विचारलं. "वाचून सांगतो" म्हणाला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

शिवाय काळं, लोखंडी, हुबेहूब पिस्तूल कमरेला खोचून आमच्या जिल्ह्यात फिरायचं कसं? जपानात चालत असेल. इकडे सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीत नक्षलवादापायी सशस्त्र दूरक्षेत्रं उभी राहिली, सी-60 चे जवान फिरले. ती माणसं खरी, त्यांच्या बंदुका खऱ्या, आणि "साहेब, हॉप-अप आहे" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला ती बांधील नाहीत.

तेव्हा मी भाच्याला मंडईत नेलं. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, पाळणे, जिलेबी, रात्री नाटक. खेळण्यांच्या दुकानांत स्प्रिंगची पिस्तुलं टांगलेली असतात, निळी, हिरवी, टोकाला भडक नारिंगी, आणि सोबत पिवळ्या छर्र्यांची पुडी. शंभराच्या नोटेत काम होतं आणि दहा पावलांवर छर्रा बरोबर लागतो. भाचा दोन तास फुगला होता. रात्री नाटक पाहिल्यावर थोडा निवळला.

दुसऱ्या अंकात खलनायकानं पिस्तूल रोखलं, चाप ओढला, आवाज काही आला नाही. नायक मात्र ठरल्या वेळी छाती धरून कोसळला. तो नीट पडून झाल्यावर तबलेवाल्याला आठवण झाली आणि त्यानं 'धाड्' वाजवलं. एवढ्या गर्दीत एकालाही नायक मेल्याबद्दल शंका आली नाही. बायका तर डोळे पुसत होत्या.

एअरसॉफ्ट सगळं या नायकावरच चालतं. गोळीचा रंग लागत नाही, डाग पडत नाही. ज्याला लागली त्यानंच हात वर करून "लागलं" म्हणायचं आणि बाहेर जायचं. जपानात म्हणे म्हणतात. आमच्या मिलमध्ये पहिल्या रविवारी एकही वीर धारातीर्थी पडला नाही. "लागलं म्हण, बाप्पा!" "बारदान्याले लागलं!" "मंग ओरडला काहून?" "मुंगी चावली!" संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी अख्खी पलटण फोडून काढली होती.

कितीतरी ठिकाणी आणखी एक नियम असतो. शत्रू अगदी हाताच्या अंतरावर आला तर गोळी झाडायची नाही, इजा होते. तोंडानं 'बँग' म्हणायचं आणि त्यानं मेलो म्हणायचं. हे वाचून मी भाच्याकडे पाहिलं. आम्ही लहानपणी दोन बोटं पुढं करून 'ढिश्क्यांव' म्हणत होतो, ते आंतरराष्ट्रीय नियमात बसत होतं तर!

आता थट्टा पुरे. तुमच्या भाच्यानं असलं काही मागितलं तर आधी डोळे चारी बाजूंनी झाकणारा, छर्रा आपटून न फुटणारा चष्मा घ्या. नाकावरून घसरणारा मंडईतला गॉगल चालणार नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात 2025 च्या दिवाळीत कार्बाइडच्या घरगुती बंदुकांनी कितीतरी पोरांचे डोळे गेले आहेत. चष्म्यानंतर पिस्तूल बघा, भडक रंगाचं आणि स्प्रिंगचं. आणि मिलपर्यंत ते पिशवीतून न्या, हातात मिरवू नका.